हवा न लागणारी पेटी

आमच्या भागात हिवाळा थंडीनं कळत नाही, ताकानं कळतो. मार्गशीर्ष निम्मा सरला की लातूरकडच्या घरांतून ताक साठवायला सुरुवात होते. मग त्यात ज्वारीचं पीठ कालवलं जातं, आणि येळवशीच्या आदल्या दिवशी सगळ्या गल्लीला आंबिलीचा आंबूस वास सुटतो. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी सारं लातूर शहराला कुलूप लावून शेतात जेवायला जातं. ज्यांना शेत नाही ते ज्यांना आहे त्यांच्याकडे जातात, आणि एरवी शेजाऱ्याला चहा विचारताना विचार करणारी माणसं रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी मोटारसायकलवाल्याला हात करून कडब्याच्या कोपीत जेवायला बसवतात.

मी शिक्षकाच्या नोकरीनिमित्त नांदेडला आलो आणि निवृत्तीनंतरही इथंच राहिलो. आमच्या अपार्टमेंटमध्ये तो वास येत नाही. तरी त्या आठवड्यात मला तो येतो, कारण तेव्हा मी कपाटातून एक यंत्र बाहेर काढून त्याच्यावरची धूळ पुसत असतो.

यंत्र म्हणजे सिंथेसायझर. लांबी मनगटापासून कोपरापर्यंत, जाडी एखाद्या दिवाळी अंकाएवढी. माझ्या मुलीनं, गौरीनं, नोकरीच्या पहिल्या उत्साहात ते घेतलं, आणि नोकरीनं उत्साह घेतल्यावर आमच्याकडे ठेवून ती हैदराबादला गेली. बरेच दिवस ते टीव्हीशेजारी पडून होतं. पाहुणे त्याच्याकडे बघून विचारायचे, रक्तदाब मोजायचं आहे का.

मी त्याच्या वाटेला गेलो ते दोन हिवाळ्यांमागे. सोबतची पुस्तिका जगातल्या बऱ्याच भाषांत होती. माणसाला कळेल अशी त्यांत एकही नव्हती. प्रत्येक बटणाला दोन कामं, आणि दुसरं काम करून घ्यायला एक तिसरं बटण दाबून धरायचं. सरकारी कचेरीत खेटे घातलेल्याला हे परकं वाटू नये. आत आवाजांचा तर मोठा साठा. त्यांची नावं सत्काराच्या निमंत्रणपत्रिकेसारखी: कोणी वैश्विक, कोणी दैवी, कोणी अनंत. वाजवून पाहिलं तेव्हा वैश्विक आवाज आमच्या जुन्या फ्रीजचा निघाला आणि दैवी म्हणजे मागे येणारी एसटी. यादीच्या तळाशी मात्र एक बिनबिरुदाचा आवाज होता, पुष्कळसा पेटीसारखा. शेजारची एक खुंटी फिरवली की तो गोधडीखालून बोलल्यासारखा व्हायचा, उलटी फिरवली की अंगणात यायचा. त्या दुपारी मी ती खुंटी बराच वेळ फिरवत बसलो होतो. गॅलरीत ऊन होतं, कुणाच्या तरी गच्चीवर गाद्या वाळत होत्या, आणि माझ्या डोक्यात लातूर होतं.

त्या वर्षी दसऱ्यानंतर माझ्या मोठ्या बहिणीच्या, अक्काच्या, अंगावरून वारं गेलं. वाचा वाचली. पाय हळूहळू जमिनीला ओळखायला लागला. डावा हात मात्र मांडीवर पडून राहिला, कुणीतरी विसरून गेलेल्या पिशवीसारखा. अक्काच्या वसाहतीत बायकांचं भजनी मंडळ आहे आणि त्याची पेटी वाजवते अक्का. पेटीला दोन हात लागतात. उजवा पट्ट्यांवर फिरतो, त्याचं कौतुक होतं. डावा मागे भाता हलवत राहतो, त्याच्याकडे कुणी बघत नाही. अक्काचाही आजवर कुणी बघितला नव्हता.

भाऊबीजेला मी गेलो तेव्हा ती पलंगावर उशीला टेकून बसली होती. पेटी कोपऱ्यात, जुन्या लुगड्यात गाठोड्यासारखी बांधलेली.

“वारं गेलं मनतेत,” अक्का म्हणाली. “माझं बी आन् पेटीचं बी.”

तिचा निर्णय झाला होता. मुरुडजवळ तिच्या सासरचं गाव आणि शेती. गावातल्या मारुतीच्या देवळाला पेटी द्यायची. येळवशीला सगळे शेतात जातातच, त्याच गाडीतून पेटी न्यायची. दर येळवशीला जेवणं झाल्यावर ती कोपीपुढं पेटी घेऊन बसायची आणि आजूबाजूच्या शेतांतल्या बायका गोळा व्हायच्या, हे मी लहानपणीच नव्हे, पन्नाशीतही पाहिलेलं.

“आणि तू?” मी विचारलं.

“मी येत न्हाई. पेटी जाईल.”

तिच्या नवऱ्यानं, दाजींनी, पेपर वर धरला. दाजी निवृत्त ग्रामसेवक. प्रत्येक गोष्टीवर त्यांच्याकडे काहीतरी बोलायला असतं. त्या वेळी त्यांनी पान उलटलं.

देवळाच्या समितीला निरोप गेला तसा तिथं उत्साह आला. समितीनं अक्काचा सत्कार ठरवला. आमच्याकडे माणूस एखादी गोष्ट सोडतो तेव्हा त्याचा सत्कार करतात. धरून ठेवतो तोवर कुणी विचारत नाही. अक्काचा फोटो मागवला गेला, फ्लेक्सवर घालायला. सून रेखा म्हणाली, “मामा, आईंचा एक बी एकटीचा फोटो न्हाई. समद्यांत पेटी हाय.” शेवटी पेटी कापून फोटो पाठवला.

हाताचा व्यायाम घ्यायला जो मुलगा यायचा त्यानं अक्काला एक रबरी चेंडू दिला होता. दाबायचा, सोडायचा, दाबायचा. “हाताला काम द्या आजी, न्हाईतर तो विसरून जाईल,” असं तो सांगून जायचा. तो गेला की चेंडू स्वयंपाकघरात लिंबांच्या टोपलीत जायचा. “मी काय चेंडू खेळायच्या वयाची हाय?” अक्का म्हणायची.

म्हणून नांदेडच्या गॅलरीत मला जे सुचलं ते सुचलं: या यंत्राला भाता नाही, म्हणजे याला डावा हात लागत नाही, म्हणजे अक्का वाजवू शकते. इतकं सरळ अनुमान एखाद्या विद्यार्थ्यानं उत्तरपत्रिकेत काढलं असतं तर मी समासात प्रश्नचिन्ह टाकलं असतं.

आणखी एक लालूच होती. यंत्राच्या खालच्या कडेला सोळा बारीक दिवे आहेत. एक बटण दाबलं की उजेड पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत पळतो आणि परत पहिल्यावर येतो. ज्या घरात आपण सूर किंवा ठोका ठेवला असेल तिथं पोचला की तो वाजतो. रिकामं घर असेल तर उजेड गुमान पुढे जातो. याला सिक्वेन्सर म्हणतात. अशा एका फेरीला यंत्र पॅटर्न म्हणतं, आणि हा शब्द निदान लातूरकरांना समजावून सांगावा लागत नाही. तेच ते, पुन्हा पुन्हा, न चुकता, निकाल लागेपर्यंत. एका हाताचं माणूस आधी ठेका आणि खालचा सूर घरांत बसवून ठेवू शकतं, फेरी फिरत राहते, आणि वरची चाल मोकळ्या हातानं वाजवता येते. मला तर वाटलं, हे यंत्र कुणीतरी अक्काला समोर बसवूनच घडवलं असावं.

शनिवारी सकाळी नांदेडहून लातूरच्या गाडीत बसलो. लोह्याच्या स्टँडवर गर्दी चढली. कंडक्टर माझ्या मांडीवरचं यंत्र बघून थबकला आणि स्वतःच्या गळ्यातलं तिकिटाचं मशीन चाचपून म्हणाला, “काका, तुम्ही कोणत्या डेपोचे?”

अक्कानं यंत्र उजव्या हातानं उचलून पाहिलं, वजनावरून नापास केलं आणि विचारलं, “ह्याला हवा कुठून?”

“हवा लागत नाही. बॅटरीवर चालतं.”

“मंजे ह्याला दम लागत न्हाई.”

“नाही.”

“मंग ह्याच्यासंगं गावं कसं? दम न लागणाऱ्यासंगं माणसाला बोलताबी येत न्हाई.”

“भावासंगं बोलतीस की,” दाजी पेपरामागून म्हणाले.

मी भजनी ठेका घरांत बसवून आणला होता. मेहनत दिसावी म्हणून सगळी सोळा घरं भरली होती. बटण दाबलं. अक्कानं थोडा वेळ ऐकलं.

“दिनू, समद्या घरांत माणसं कोंबलास की रे. बाईनं श्वास घ्यावा कुठं?”

मग एकेक घर रिकामं करायला लावलं. हे काढ, ते राहू दे, ते मधलं काढ. अर्धी घरं ओस पडली तेव्हा ती गुणगुणायला लागली. ओळीच्या शेवटच्या शब्दावर ती नेहमी थोडी रेंगाळते. तिच्या मंडळातल्या बायकांनाही ती सवय आहे. अक्का रेंगाळली आणि यंत्र पुढच्या फेरीला लागलं.

“थांब मन की त्याला.”

“ते थांबत नाही, अक्का.”

“मंग ते आपल्यातलं न्हाई,” ती म्हणाली, आणि पलंगाच्या कडेला, औषधांच्या डब्याशेजारी, तिनं ते ठेवून दिलं.

परतीच्या गाडीत मी बराच वेळ त्या वाक्याचा विचार करत होतो. वेळेवर चालणं हा गुण आहे असं आपण शिकवतो. पण गाण्यातला काळ घड्याळाचा नसतो. म्हाताऱ्या माणसाला जिना उतरताना आपण पुढच्या पायरीवर थांबतो, तसा तो असतो. हे मला वर्गात सांगता आलं असतं आणि चांगलं वाटलंही असतं. प्रत्यक्षात मी एका बाईपुढं न थांबणारं यंत्र ठेवून आलो होतो. आता पेटी जाणार, यात मला शंका राहिली नव्हती.

पुढच्या आठवड्यात रेखाचा फोन आला. “मामा, शनिवारी येलालाव न्हवं? आई मशीन पुसून ठेवल्यात.”

तेव्हापासून येळवशीपर्यंत दर शनिवार मी लातुरात असायचो. रस्त्याच्या दुतर्फा तुरी काढणीला आलेल्या, खिडकीतून येणारा वारा कोरडा, आणि लातूर जवळ आलं की गुणवंतांच्या चेहऱ्यांचे फ्लेक्स सुरू व्हायचे. अक्काच्या घरात वेगळाच शिकवणीवर्ग भरायचा. यंत्र थांबत नाही, पण त्याच्या वेगाची एक खुंटी असते. ती फिरवली की फेरी मंदावते किंवा पळते. भजन शेवटाकडे चढत जातं, ओळीच्या टोकाला रेंगाळतं, तेव्हा ती खुंटी फिरवायला एक माणूस हवा होता. दाजींना ते काम मिळालं.

“सावकाश,” अक्का म्हणायची. “ट्रॅक्टर न्हाई ते.”

“मी सावकाशच फिरवायलो.”

“मागल्या ओळीला काय केलाव? मी अजून दारात हाय, तुमी वेशीपतूर गेलाव.”

“लगीन झाल्यापासून तसंच हाय की.”

दाजी चष्मा लावून, जीभ दातांत धरून ती खुंटी फिरवायचे. गावात पाण्याची टाकी मंजूर करून आणतानासुद्धा त्यांचा चेहरा इतका गंभीर झाला नसेल. अक्काचा उजवा हात त्या लहान लहान पट्ट्यांवर चुकत, चरफडत, शेवटी वाट काढत चालायला लागला. एका दुपारी तिनं एक जुनं भजन आडवं न होता पुरं वाजवलं, आणि मी मान डोलावत असताना माझं लक्ष तिच्या मांडीकडे गेलं.

पदराखाली डावा हात हलत होता. तळवा किंचित पुढे जायचा, सैल पडायचा. पुन्हा पुढे. समोर काहीच नव्हतं. यंत्राला हवा लागत नाही हे अक्काला कळलं होतं, हाताला कळलं नव्हतं. उजवा हात सूर काढतोय म्हणजे कुठेतरी भाता असणार, एवढंच त्याला आयुष्यभर ठाऊक, आणि तो चुकीच्या वाद्याला हवा भरत होता.

मी वर पाहिलं. दारात रेखा उभी होती, हातात चहाचा ट्रे. तिलाही दिसलं होतं. तिनं डोळ्यांनीच मला गप्प केलं. खरं होतं तिचं. कुणी बघतंय हे कळलं की अक्का हात झाकून बसली असती. दाजींनाही दिसलं. ज्या माणसाला कढीत मीठ जास्त झालं तरी शेजाऱ्यांना सांगितल्याशिवाय राहवत नाही, तो माणूस त्या दिवशी खुंटीकडेच बघत राहिला.

पुढच्या शनिवारी गेलो तर यंत्राची जागा बदलली होती. पेटी लुगड्यातून बाहेर काढलेली, अक्काच्या पुढ्यात, आणि तिच्या बंद झाकणावर यंत्र. “पलंगावर हालतंय वो ते,” रेखा म्हणाली. “उंची बी बरी पडती.” मागे भात्याची कडी काढून ठेवलेली होती. ती मुद्दाम काढली की पुसताना निघाली, हे मी रेखाला अजून विचारलेलं नाही.

अक्का वाजवायला लागली. डावा हात मांडीवरून निघाला, जवळच्या जवळ चाचपडला आणि त्याला भाता सापडला. पेटी बंदच होती, तिच्यातून सूर निघणार नव्हता. नुसता आतल्या आत एक सुस्कारा ऐकू यायचा, लाकडाचा आणि चामड्याचा. यंत्राचे दिवे पळत होते आणि त्याच्याखाली पेटी श्वास घेत होती.

भजन संपलं तसा हात परत पदराखाली गेला. पण पेटी देवळाला जायची ती जायचीच होती. सत्काराची वेळ ठरली, फ्लेक्स छापून आला. येळवशीच्या दोन दिवस आधी अक्का एवढंच म्हणाली, “ह्यांना ते बटण कळत न्हाई. मी नसले तर मशीन मोडून ठेवतील. येते मी.”

येळवशीच्या सकाळी गाडीच्या डिकीत तूर-हरभऱ्याच्या दाण्यांच्या भज्जीचं पातेलं, बाजरीचे उंडे, खिरीचा डबा, आंबिलीचं मातीचं बिंदगं, पेटी आणि यंत्र. शेतात ज्वारी पोटऱ्यात आलेली, बांधाला करडई, हरभऱ्याची आंब बोटांना लागत होती. कडब्याची कोप बांधून आत पांडवांचे दगड चुन्यानं रंगवले होते. दाजी आणि त्यांचा भाऊ आंबील शिंपडत शेताला फेरी मारून आले, ओलगे ओलगे सालम पलगे असं ओरडत. त्याचा अर्थ दोघांनाही विचारला तर सांगता येत नाही. कानडी असावं म्हणतात. अर्थ न कळता वर्षानुवर्षं तीच फेरी घालणं चाललंय, आणि पीक येतंय.

जेवणं झाली. शेजारच्या शेतांतल्या बायका अक्काची तब्येत बघायला म्हणून आल्या आणि सतरंजीवर टेकल्या. दूर वेशीजवळ फ्लेक्स दिसत होता, पेटी कापलेली अक्का त्यावर हसत होती. समितीचे सचिव शाल घेऊन चारला येणार होते.

“तवर एखादं मन की,” एक म्हातारी म्हणाली.

पोत्यांना टेकून अक्का बसली. पुढ्यात पेटी, पेटीवर यंत्र, बाजूला दाजी चष्मा लावून. मी बटण दाबलं. ठेका सुरू झाला तशा बायका आधी हसल्या, मग टाळ्या धरल्या, मग गायला लागल्या. डावा हात भात्यावर गेलेला मी पाहिला आणि नजर ज्वारीकडे वळवली. दुसरं कडवं चढायला लागलं. दाजींनी वेग वाढवला. अजून वाढवताना त्यांचं बोट घसरलं, शेजारचं बटण दबलं आणि दिवे गेले.

बायका ओळीच्या मध्यावर होत्या. टाळ्या विस्कटल्या. दाजींच्या तोंडावर असा भाव होता जणू बांध फुटला.

“उचल ते,” अक्का मला म्हणाली.

मी यंत्र उचललं. तिनं उजव्या हातानं झाकण वर केलं, एक खुंटी ओढली आणि पट्टी दाबली. डावा हात भात्यावर आधीपासूनच होता.

सूर आला. बारीक, थरथरता. ओळीच्या शेवटच्या शब्दापर्यंत पोचला आणि तिथं हवा संपून बसत चालला. हात मागे येईना. अक्काचे ओठ घट्ट मिटलेले. आणि त्या बायकांनी तो शब्द सोडलाच नाही. शेवटचं अक्षर धरून त्या तशाच राहिल्या, एकीचा दम संपला की दुसरी उचलून धरायची, कुणी कुणाकडे पाहिलं नाही, कुणी पुढची ओळ घेतली नाही. हात सावकाश मागे आला. पुन्हा पुढे गेला. सूर परत उभा राहिला, तेव्हा पुढची ओळ निघाली. भजन संपायला फार वेळ लागला. प्रत्येक ओळीच्या टोकाला त्या तिच्या हातासाठी थांबत होत्या.

चारला सचिव आले, शाल, श्रीफळ आणि भाषणासकट. अक्कानं त्यांना आंबील दिली.

“शाल राहू द्या,” ती म्हणाली. “पेटी अजून लागायलीय.”

फ्लेक्सचं काय करायचं हा प्रश्न दाजींनी सोडवला. तो कडब्याच्या गंजीवर पांघरला गेला. पुढचे दोन पावसाळे अक्का गंजीवरून आभाळाकडे बघून हसत होती, आणि कडबा कोरडा राहिला.

हात पूर्ण आला नाही. आता येईल असं कुणी म्हणतही नाही. अक्काच्या मंडळाची भजनं त्यामुळे संथ झाली आहेत. बाहेरून आलेल्या एका बुवांनी चाल ढिली पडते अशी तक्रारही केली म्हणे. रबरी चेंडू अजून लिंबांच्या टोपलीत आहे. यंत्र माझ्याकडे परत आलं. त्यात अक्कानं बसवलेला पॅटर्न तसाच आहे, अर्धी घरं रिकामी असलेला. गौरी सुट्टीला आली की त्यावर दुसरं काही बसवू का विचारते, मी यंत्रातली दुसरी रिकामी जागा दाखवतो.

काल दुपारी अक्काचा फोन आला. ताक साठवायला लागलेत, भज्जीला तुरीचे दाणे निघालेत, असं सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, “मशीन आणायलास न्हवं?”

“तुला आता कशाला लागतं ते?”

“मला न्हाई. ह्यांना. ह्यांच्या हातात काहीतरी बटण पायजे. न्हाईतर मी वाजवाय लागले की हे माझ्या डाव्या हाताकडं बघत बसतेत, श्वास धरून.”

फोन ठेवला आणि मी यंत्रात नव्या बॅटऱ्या घातल्या.